कोल्हापुरात धंद्याला परवडणारी जागा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवणकाम वाढलेल्या ताई, केकच्या ऑर्डरी घरात मावेनाशा झालेल्या वहिनी, पुण्याची नोकरी सोडून परत आलेला डिझायनर, लेथ घेऊन बसायचं ठरवलेला आयटीआयचा पोरगा, सगळे शेवटी एकाच ठिकाणी अडतात: "जागा बघतोय, स्वस्तात कुठं मिळेल?" सगळ्यांना एक पत्ता सांगता येत नाही. ज्या शंका पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

सगळ्यात स्वस्त जागा कुठल्या भागात मिळते?

भागापेक्षा काम आधी ठरवा. कोल्हापूर हे धंद्यागणिक वसलेलं गाव आहे. गुजरीत सराफ, लक्ष्मीपुरीत धान्याचे व्यापारी, भवानी मंडपाजवळ चप्पल लाईन, शाहूपुरीत राजर्षी शाहू महाराजांनी 1895 साली वसवलेली व्यापारपेठ आणि तिच्यामुळे नावारूपाला आलेला गूळ, शिवाजी उद्यमनगरात लेथ, पॅटर्न आणि फौंड्रीची कामं. राजारामपुरीच्या गल्ल्यांत क्लास, दवाखाने, कपड्यांची दुकानं. एकाच कामाची माणसं जवळजवळ बसतात त्याला कारण आहे. ड्रिल तुटलं तर शेजारून मिळतं, कारागीर आजारी पडला तर पलीकडचा दोन दिवस काम काढून देतो, आणि ओळख असली की माल उधारीवर येतो.

उद्यमनगरात छोटा गाळा महाग वाटला म्हणून लांब कुठेतरी निम्म्या भाड्यात शेड घेतली, तर हीट ट्रीटमेंटला, ग्राइंडिंगला, प्लेटिंगला टेम्पो पाठवावा लागतो. वाचलेलं भाडं डिझेलमध्ये जातं आणि दिवसही मोडतो. उलट वेबसाइट करणाऱ्याला उद्यमनगराचा काहीच उपयोग नाही. त्याने मोरेवाडीत वरच्या मजल्यावर खोली घेतली तरी गिऱ्हाईक तुटत नाही. म्हणून कच्चा माल, कारागीर आणि गिऱ्हाईक या तिघांपैकी कोण तुमच्याकडे रोज येतं, हे आधी कागदावर लिहा. जो रोज येतो त्याच्याजवळ जागा घ्या, बाकीचे लांब असले तरी चालतात.

महापालिका हद्दीत घ्यावी की बाहेर?

1972 साली महापालिका झाली, तेव्हापासून हद्द वाढलेली नाही. हद्दवाढीचं राजकारण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याचा जागेवर होणारा परिणाम मात्र कमी बोलला जातो. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा ही गावं शहराला अगदी चिकटलेली असली तरी कारभार ग्रामपंचायतीचा आहे. तिथे भाडं सहसा हलकं असतं. ज्यांचं गिऱ्हाईक फोनवर आहे, डिलिव्हरीवर आहे किंवा बाहेरगावी आहे, त्यांनी आधी तिकडे बघावं.

बघताना तीन गोष्टी विचारा. थ्री फेज लाईन आहे का? उन्हाळ्यात पाणी कसं येतं? इमारतीला बांधकाम परवानगी आहे का? तिसऱ्या प्रश्नावर मालक विषय बदलायला लागला तर चहा घ्या आणि निघा. पुढे बँकेचं कर्ज, विमा, परवाना, सगळं त्याच प्रश्नावर अडकतं.

भाडं किती झेपेल, हे कसं काढायचं?

नुसतं भाडं बघू नका. भाडं, लाईट बिल, घरफाळा कोणाकडे, पाणीपट्टी, देखभाल, इंटरनेट, आणि अनामत रकमेवर गेलेलं व्याज, हे सगळं धरून महिन्याचा आकडा काढा. अनामत रक्कम पतसंस्थेतून कर्ज काढून दिली असेल तर तिचा हप्ता हेसुद्धा भाडंच आहे.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी जागेचा एकूण खर्च मंद महिन्याच्या गल्ल्याच्या सातव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नये. मंद महिना म्हणजे लग्नसराई किंवा गणपतीचा नव्हे, आषाढ किंवा पितृपक्षाचा. दिवाळीचा गल्ला बघून घेतलेला गाळा जूनमध्ये अंगावर येतो.

घरातूनच काम चालू ठेवलं तर?

बऱ्याच जणांसाठी तेच शहाणपणाचं आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पापाची तिकटी, गंगावेस, बापट कॅम्प इथल्या कुंभारांच्या कित्येक पिढ्यांनी घर आणि कारखाना एकाच छपराखाली चालवला.

अडचण येते ती लाईटच्या मीटरची. घरगुती मीटरवर धंदा पकडला तर महावितरण व्यापारी दराने वसुली लावू शकतं, ही भीती खरी आहे. पण वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशात सवलतही आहे: घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. शिलाई मशीन, लॅपटॉप, छोटा ओव्हन त्यात बसतो. डीप फ्रीजर आणि मोठी भट्टी आली की सहसा बसत नाही. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून युनिट मोजा.

अपार्टमेंटमध्ये असाल तर सोसायटीचं लेखी ना हरकत पत्र घ्या. खाद्यपदार्थ विकत असाल तर घरातून असो वा गाळ्यातून, अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची (एफएसएसएआय) नोंदणी लागतेच.

को-वर्किंगमध्ये टेबल घेणं परवडतं का?

एकट्यादुकट्याला परवडतं. अनामत कमी, इंटरनेट आणि जनरेटर त्यांचा, गिऱ्हाइकाला बसवायला खोली. चौघे झालात की हिशोब उलटतो. त्या चार टेबलांच्या पैशात बाजूला दोन खोल्या मिळतात. जीएसटीसाठी तो पत्ता वापरायचा असेल तर आधीच विचारा. करारपत्र, मालकाचं संमतिपत्र आणि अलीकडचं लाईट बिल ते देणार नसतील, तर ते नुसतं बसण्याचं ठिकाण समजा. स्टार्टअपच्या पातळीवर काही करत असाल तर शिवाजी विद्यापीठातल्या इनक्युबेशन केंद्रात आधी चौकशी करा.

तिघा-चौघांनी मिळून एक गाळा घेतला तर चालतं का?

चालतं, आणि मला विचाराल तर कोल्हापुरात लहान धंद्याला सगळ्यात किफायतशीर पडणारी सोय हीच आहे. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

पहिली कायद्याची. करार एकाच्या नावावर आणि आत बसणारे चार, असं असेल तर बाकी तिघे पोटभाडेकरू ठरतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करारात तशी मुभा नसेल तर पोटभाडं बेकायदा आहे, आणि जागा खाली करून घ्यायला मालकाला तेवढं कारण पुरतं. म्हणून चौघांची नावं करारात घाला, किंवा "इतरांसोबत वापरता येईल" असं कलम स्पष्ट लिहून घ्या.

दुसरी कामाची. कोण कोणाशेजारी बसणार हे आधी जुळवा. फोटोग्राफर, एडिटर आणि बुटीकवाली यांचं छान जमतं, एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याला मिळतं. सुतारकाम आणि आवाजाचं रेकॉर्डिंग एका छताखाली आठवडाभरही टिकणार नाही. लाईटसाठी प्रत्येकाला सबमीटर बसवा. मैत्री भाड्यावरून क्वचित मोडते, एसीच्या बिलावरून हमखास मोडते.

अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, खरं का?

नाही. ही समजूत सगळीकडे पसरली आहे, पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 सांगतं की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स (भाडेहक्क न देता ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी), तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. मुदत कितीही असो. नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद कोर्टात गेला आणि करार नोंदलेला नसला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. स्टॅम्पवर नोटरी करून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्चही घाबरण्यासारखा नाही. 60 महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क 0.25 टक्के लागतं. ते एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर दरसाल 10 टक्के धरलेलं व्याज, या बेरजेवर. समजा भाडं 8000, अनामत 50,000 आणि मुदत तीन वर्षं. भाड्याचे 2,88,000 आणि व्याजाचे 15,000 मिळून 3,03,000, त्यावर शुल्क साडेसातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000 रुपये, ग्रामीण भागात 500. एजंटाची फी वेगळी, तीही आधी ठरवून घ्या.

मुदत शक्यतो तीन वर्षांची घ्या. फर्निचर, वायरिंग, बोर्ड यांवर पैसे घालून अकरा महिन्यांत उठावं लागलं तर स्वस्त जागेसारखी महाग जागा नाही.

मालक म्हणतात, "नोंदणी नको, तोंडी ठरवू." काय करावं?

त्यांची भीती समजून घेतली तर बोलणं सोपं जातं. एक, भाड्याने दिलेल्या व्यापारी मिळकतीला घरफाळा जास्त बसतो आणि करार नोंदला की तो लपत नाही. दोन, भाडेकरू उठणारच नाही ही धास्ती. राहत्या घराच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा लवकर परत मिळवता येते. दुकानगाळ्याला ती वाट नाही, दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पागडीवर, म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठे पैसे देऊन मग किरकोळ भाड्यात, दोन-तीन पिढ्या बसलेले भाडेकरू पेठेत सगळ्यांनी बघितलेत.

म्हणून तडजोड सुचवा. घरफाळ्याचा वाढीव फरक अर्धाअर्धा वाटून घ्या आणि मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट भाडं असं कलम तुम्ही स्वतःहून द्या. पुष्कळ मालक तिथे तयार होतात. तरीही नाहीच म्हणाले तर निदान भाडं बँकेतून द्या आणि दर महिन्याची पावती घ्या. पावती देणं कायद्याने मालकाला बंधनकारक आहे.

पागडीवर गाळा मिळतोय, घ्यावा का?

पहिल्या धंद्याला नको. एवढी रक्कम अडकवण्यापेक्षा ती मशिनरीत घाला.

महापालिकेचे गाळे स्वस्तात मिळतात म्हणे?

जुन्या भाडेकरूंना मिळाले होते. आता महापालिकेला आपली मिळकत हवी तशी वाटता येत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम 79 मुळे बाजारभावाचा विचार करावा लागतो आणि गाळे जाहीर लिलावाने जातात. त्यामुळे मोक्याचा गाळा लिलावात खासगीच्या बरोबरीला जातो. आडवळणाच्या संकुलांतले, वरच्या मजल्यावरचे गाळे मात्र पडून राहतात. तयार करायचं काम आहे आणि रस्त्यावरचं गिऱ्हाईक लागत नाही, अशांनी जाहिरातींवर लक्ष ठेवावं.

एमआयडीसीत लहान जागा मिळते का?

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथले भूखंड साधारण 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात. तुम्हाला 500 चौरस फूट हवे असतील तर थेट भूखंडाच्या मागे लागू नका. बरेच लहान उद्योजक कुणाच्या तरी शेडचा कोपरा भाड्याने घेतात. तो व्यवहार करताना मूळ भूखंडधारकाकडे महामंडळाची पोटभाड्याची परवानगी आहे का, तेवढं कागदावर बघा. परवानगी नसेल तर तुमच्या नावाने वीज जोडणी आणि कर्ज दोन्ही अवघड होतं.

कमीत कमी कोणते कागद लागतात?

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी, आधी करा. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. कुणी हजार रुपये मागितले तर ते त्याच्या टायपिंगचे आहेत. शॉप अॅक्टला वीसपेक्षा कमी माणसं असतील तर 2017 च्या कायद्यातल्या 2025 च्या दुरुस्तीप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते, तिची पोच बँकेत चालते. जीएसटीची मर्यादा सेवेला वर्षाला 20 लाख, मालाच्या विक्रीला 40 लाख.

भाड्यावर जीएसटी कोणी भरायचा?

तुमची जीएसटी नोंदणी नसेल आणि मालकाचीही नसेल तर प्रश्नच नाही. मालक नोंदणीकृत असेल तर तो 18 टक्के लावेल. तुम्ही नोंदणीकृत आणि मालक नाही, असं असेल तर 10 ऑक्टोबर 2024 पासून तो 18 टक्के रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा आणि नंतर क्रेडिट घ्यायचं. कंपोझिशन योजनेतल्यांना, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या लहान धंदेवाल्यांना, नंतर यातून वगळलं. नुसता "सोय असावी" म्हणून नंबर काढून ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

सरकारी योजनेतून भाड्याला पैसे मिळतात का?

सरळ भाड्याची योजना शोधत बसू नका. पण पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे ज्याला सगळे पीएमईजीपी म्हणतात त्यात, जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नसली तरी भाड्याच्या वर्कशेडचा खर्च जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी धरता येतो. प्रकल्प अहवाल लिहिणारे हे बहुधा वगळतात. जिल्हा उद्योग केंद्रात अर्ज करताना आवर्जून विचारा. नोंदणीकृत तीन वर्षांचा करार इथेही उपयोगी पडतो.

चर्मकार, कुंभार, सोनार, शिंपी, सुतार, लोहार, मूर्तिकार अशा 18 व्यवसायांसाठी 2023 साली सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. अवजारांसाठी 15,000 आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. अनामत देण्याची नड यातून भागू शकते.

चित्रकार, शिल्पकार, संगीतकार यांना जागा का मिळत नाही? आपण तर कलापूर म्हणवतो.

म्हणवतो खरं. बाबुराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. रंगवणारा, सुतार आणि लोखंड घडवणारा हाकेच्या अंतरावर होते म्हणून ते जमलं. कलाकारांना कामाला जागा लागते ही साधी गोष्ट त्या काळाला कळत होती.

आज दाखवायला जागा आहे. दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनात कलादालन आहे आणि शूटिंगसाठी मोरेवाडीला चित्रनगरी आहे. 1915 मध्ये बांधलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 च्या आगीत जळालं, तेव्हा सारं शहर हळहळलं. पण रोज सकाळी जाऊन रंग सांडावा, माती मळावी, तबला घोकावा अशा जागेबद्दल कुणी बोलत नाही. दळवीज किंवा कलानिकेतन या चित्रकलेच्या संस्थांमधून शिकून बाहेर पडलेली मुलं वर्षा-दोन वर्षांत भिंती रंगवण्याच्या कंत्राटाला लागतात, त्याचं एक कारण हे आहे.

तोवर काय करता येईल? जुन्या पेठांतले वाडे बघा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेत वारसदार पुण्या-मुंबईला आणि खालची सोपा-पडवी बंद, अशी घरं असतात. मालकाला भाड्यापेक्षा घर उघडं राहण्यात रस असतो. घर झाडून-लोटून ठेवण्याच्या बदल्यात कमी भाडं, असा नोंदणीकृत करार होऊ शकतो. शाळेच्या वर्गखोल्या संध्याकाळी आणि मंगल कार्यालयं लग्नाची तिथी नसताना रिकामी असतात. संगीताच्या आणि नाटकाच्या तालमींना ती पुरतात. गल्लीतल्या तालीम मंडळाचा हॉल मागायला संकोच वाटतो, पण पदाधिकाऱ्यांना आधी जाऊन भेटा. मंडळाच्या देखाव्याला मदत कराल तर जागेच्या भाड्याचा विषय बहुधा निघतच नाही.

रेकॉर्डिंगवाल्यांनी जागा गणपतीच्या दिवसांत एकदा जाऊन बघावी. त्या दहा दिवसांत जिथे आपलं रेकॉर्डिंग नीट ऐकू येतं तिथे वर्षभर काम होईल.

चप्पल करणाऱ्यांनी सुभाषनगर सोडून दुकानाजवळ यावं का?

तयार करणं आणि विकणं वेगळं ठेवा. चामडं भिजवायला पाणी, वाळवायला ऊन आणि ठोकायला मोकळीक लागते, पेठेत त्यातलं एकही मिळत नाही. कोल्हापुरी चप्पलला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवरून प्राडा या फॅशन कंपनीमुळे गाजावाजा झाला आणि ऑनलाइन विचारणा वाढली. आता गिऱ्हाईक फोटो बघून मागवतं. चप्पल लाईनमध्ये गाळा घेण्यापेक्षा असलेल्या जागेत पॅकिंगसाठी एक कोरडी खोली वाढवली तर पैसे जास्त कारणी लागतील.

सर्किट बेंच आल्यावर भाडी वाढली का?

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडवर सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील येणार म्हटल्यावर त्या पट्ट्यात लहान ऑफिसला मागणी येणारच. तिथे स्वस्त जागा शोधण्यात वेळ घालवू नका. झेरॉक्स, टायपिंग, डबा, बाइंडिंग असा त्या गर्दीवरच चालणारा धंदा असेल तर गोष्ट वेगळी.

लंडनमध्ये बिल्डरला स्वस्त गाळे द्यावे लागतात म्हणे. आपल्याकडे का नाही?

लंडनच्या 2021 च्या आराखड्यात परवडणाऱ्या कामाच्या जागेचं स्वतंत्र धोरण आहे. तिथल्या काही परगण्यांच्या नगर परिषदा मोठ्या प्रकल्पाला परवानगी देताना काही क्षेत्र बाजारभावापेक्षा कमी भाड्याने लहान व्यावसायिकांना देण्याची अट घालतात. आपल्या 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मोठ्या शहरांत परवडणाऱ्या घरांसाठी तरतूद आहे, गाळ्यांसाठी तशी नाही. मागणी करायची तर शाहू मिलपासून करावी. 1906 साली शाहू महाराजांनी उभारलेली ही गिरणी 2003 पासून बंद आहे. तिथे स्मारक व्हावं हे बरोबरच, पण त्यात हात चालवणाऱ्यांना चार शेड मिळाल्या तर महाराजांना ते जास्त आवडलं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

पुराचं काय?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, बापट कॅम्प, दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा या भागांत तळमजला स्वस्त मिळाला तर का मिळाला हे उघड आहे. शेजाऱ्याला भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा, पाणी कुठवर होतं. मालकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

तरी तिथेच घ्यायची असेल तर पोटमाळा मजबूत करा, मीटर आणि बोर्ड उंच घ्या, जूनच्या आत माल वर चढवा. करारात लिहा की पुरामुळे जागा बंद राहिलेल्या दिवसांचं भाडं लागणार नाही. विमा घ्याच. पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 2021 पासून "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी आहे, तिच्यात पूर धरलेला असतो. गणेशमूर्तींचं काम असेल तर ऐन जुलै-ऑगस्टला शेड भरलेली असते. मूर्तिकारांनी हंगामापुरती उंचावरची शेड वेगळी घ्यावी, भाडं दोनदा बसलं तरी.

जागा सोडताना अनामत परत मिळत नाही. उपाय?

उपाय जागा घेतानाच करायचा असतो. पहिल्या दिवशी भिंती, फरशी, शटर, मीटरचा आकडा यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. रंगरंगोटीचा खर्च कोणाचा हे करारात लिहा. सोडण्याची नोटीस लेखी द्या, आणि अनामत किल्ली देतानाच परत मिळेल असं कलम ठेवा. "पुढच्या महिन्यात देतो" असं उत्तर आलं तर किल्ली खिशात ठेवूनच नमस्कार करा.